भस्मबाबांचा अंगठा

भस्मबाबांच्या दारात ही झुंबड! कुणाच्या गालावर फोड, कुणाच्या हातावर, महिनोन्‌महिने न भरणारे. बाबा फोडाच्या कडेवर अंगठा दाबायचे, डोळे मिटायचे आणि भस्म फासून गर्जायचे, "जा, जळालं!" आणि खरंच की, काही दिवसांत फोड गायब!

थोरल्या जावेच्या मुलाचा फोड असाच गेला. धाकटीच्या लेकीच्या नाकावरचा मात्र पसरतच चालला. बाबांनी अंगठा दाबला नि हात झटकला. "आईच्या पोटात मत्सर आहे. भस्म चालायचं नाही."

मत्सर होताच हो! दोघी जावा एकाच लाँड्रीत इस्त्री करायच्या, आणि थोरली दिवसभर ऐकवायची, "बाबांची आमच्यावर मर्जी!" धाकटी मन शुद्ध व्हावं म्हणून उपास करायची, तरी अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हिने गुपचूप काय वाहिलं बाबांना? ते हुडकायला ती रांगेपाशी जाऊन बसू लागली.

दिसलं ते भलतंच. सुकत आलेल्या, जुन्या फोडांना भस्म मिळे. ओल्या, ताज्या फोडांच्या वाट्याला पापाचा ठपका!

तेवढ्यात थोरलीच्याच हनुवटीवर नवा फोड उठला. धाकटीला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला! "चला जाऊबाई, तुमच्यावर तर मर्जी आहे," म्हणत तीही बरोबर निघाली.

बाबांनी अंगठा दाबला. "मत्सर!"

"माझ्या पोटात?" थोरली कडाडली. "अहो, जळते ती ही!"

रांग खो खो हसली.

"जाऊबाई, मुलाचा फोड भस्माआधीच सुकत आला होता ना?" धाकटीने विचारलं.

"होता खरा," थोरली पुटपुटली.

दोघींनी लेकीला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी फोडाची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"भिंतीच्या भेगांत दडणारी बारीक माशी चावते, आणि तिच्यातले परजीवी जंतू कातडीत शिरतात. बरेच फोड सावकाश आपसूक भरतात. बाबा नेमके तेच निवडतो. बाकीचे चिघळतात. नाक वाचेल, पण वण राहील. लवकर आणायचं होतं."

धाकटीला रडू कोसळलं. "मी माझं मन धूत बसले हो, आणि इकडे पोरीचं नाक सडत राहिलं!"

थोरलीने पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

"बाई, मत्सर कुणाला नसतो?" डॉक्टरीणबाई सुई भरत म्हणाल्या. "त्याने फोड येत नाहीत. भेगा बुजवा, बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. आणि ज्याचं औषध लागू पडायला आधी तुमचं मन शुद्ध असावं लागतं, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका."