मुहूर्तावर निघालेली बॅग

मी एक निळी, चाकांची बॅग. सध्या माळ्यावर असते, पण माझा जन्म प्रवासासाठी झाला, हे आधीच सांगून ठेवते.

विघ्नेशने मला तंजावूरच्या बाजारातून आणलं, आडी महिन्याच्या, म्हणजे तमिळ आषाढातल्या सवलतीत. आडीत नव्या सुनेला माहेरी पाठवायची तमिळ रीत इथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांनीही उचललेली. साईप्रिया माहेरी गेली आणि इकडे विघ्नेशने अंदमान ठरवलं. माणसांनी भरलेल्या घरात तो बायकोशी 'मीठ दे' याच्यापलीकडे बोललाच नव्हता. लाजाळू मुलगा. मनातलं बोलायला त्याला बेटच हवं होतं.

तारीख काढायला शेषम्मा आत्या बसल्या. त्यांच्याकडे पंचांगं दोन. मराठीत पितृपक्ष आडवा आला, तमिळमध्ये शुभकार्याला वर्ज्य असलेला मार्गळी महिना. मध्ये नवरात्राच्या बाहुल्या मांडायच्या आणि पहिली दिवाळी सासुरवाडीला. एका पंचांगाने सोडलेले दिवस दुसरं धरून ठेवायचं.

"मासी महिन्यात जा, माघ संपताना," आत्या शेवटी म्हणाल्या. "समुद्र पण शांत असतो. किती दिवस?"

"सहा," विघ्नेश पुटपुटला.

"सरी, बरं. नवव्या दिवशी तेवढं घरी परतू नको, अशुभ असतं."

नवव्याची धास्ती नव्हतीच. खोलीचं भाडं आणि बोटीची तिकिटं धरता धरता सहाचे चार झाले. काचेच्या तळाची बोट तर त्याने तिचं भाडं बघूनच सोडून दिली.

स्वस्त विमान मिळालं मंगळवारी सकाळचं, मद्रासहून. म्हणजे घर सोडायचं सोमवारी संध्याकाळी.

"अय्यो! सोमवारी पूर्वेला दिशाशूल!" आत्या ओरडल्या. "अंदमान पूर्वेलाच की रे!"

तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. मग आत्यांनीच तोड काढली, परस्थान ठेवायचं. चांगल्या वेळी सामान शेजारी नेऊन ठेवलं की प्रवास सुरू झाला असं धरतात. माणसं मागाहून कधीही निघोत.

"पुरचुंडीत मूठभर तांदूळ ठेवू या?" साईप्रियाने हळूच विचारलं.

"तांदूळ जातात काय अंदमानला? बॅगच ठेवा."

रविवारी सकाळी मला हळदकुंकू लागलं आणि मी थाटात निघाले, समोरच्या बाळकृष्णरावांकडे. हे गृहस्थ फार जबाबदार. परस्थानाला कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी मला देवघरात ठेवलं. सोमवारी दुपारी घराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तिरुवैयारूला गाण्याची कचेरी, म्हणजे मैफल ऐकायला गेले.

संध्याकाळी बाहेर गलका झाला. बाळकृष्णरावांना फोन लावला गेला. तो माझ्या शेजारीच वाजला, चार्जिंगला लावलेला.

"कुलूप फोडू या," कोणीतरी म्हणालं.

"शकुन बरा नाही," आत्यांचा आवाज आला. "राहू दे जाणं. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! दोन पंचांगांतून सुटलेले ते चार दिवस पुन्हा कुठून सुटायचे? आणि मग विघ्नेश बोलला, ते मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

"आत्या, बॅग मुहूर्तावर गेली ना? मग आम्ही मागे राहून कसं चालेल?"

आत्यांनी रिक्षा बोलवायला सांगितलं. कायदा त्यांचाच होता.

लग्नात वाटून उरलेली पिवळी पिशवी निघाली, दोघांची नावं छापलेली. तिच्यात हाताला लागतील ते कपडे कोंबले. ओळखपत्रं खिशात होतीच. रिक्षा सुरू झाली तेव्हा साईप्रिया इतकी हसत होती की मला माझा राग धरवेना.

बाळकृष्णराव परतले आणि खजील होऊन मला पोचवायला गेले. आत्यांनी दारातूनच परत पाठवलं. निघालेलं सामान माणसांच्या आधी घरी येऊ नये म्हणे. चार दिवस मी देवघरात उदबत्तीचा वास घेत बसले.

दोघं परत आली ती बोलतच आली. रिक्षातून उतरताना बोलत होती, चप्पल काढताना बोलत होती. विघ्नेशने एकांतात बोलायचं म्हणून जे काही साठवलं होतं ते तिकडे संपलं नव्हतं वाटतं.

आता माझ्या पोटात नवरात्राच्या बाहुल्या असतात. पिवळी पिशवी त्यांच्या खोलीत खिळ्याला लटकते. काल तिच्यातून थोडी वाळू गळली. समुद्र मी पाहिला तो एवढाच. आत्या मात्र येईल त्याला सांगतात, "बॅग वेळेवर निघाली, म्हणून सगळं सुखरूप झालं."

ऐकतेय की लक्षद्वीपचा बेत चाललाय आणि आत्यांनी दोन्ही पंचांगं काढलीत. माझं एवढंच मागणं आहे. या खेपेला परस्थानाला तांदूळ ठेवा. त्यांना चाकं नसतात, त्यांना वाईट वाटणार नाही.