कुत्रं आडवं आल्याची नोंद

रविवारी दुपारी साहेबराव पलंगावर बसून शेंगा फोडत होते. बाहेर विमानाचा आवाज आला तशी त्यांनी मान कलती केली.

"पोरगं नवंय. इंजिन लय लवकर कमी केलं. आता आपटंल बघ."

"नोकरी गेली तरी ड्युटी चालूच," त्यांची बायको बेबीनंदा आतून म्हणाली. "इथनं काय दिसतंय तुम्हाला?"

"अकरा वर्षं ऐकून राह्यलो. दिसायला कशाला लागतंय?"

शेजारी बसलेल्या ज्योत्स्नाला हसू आलं नाही. वडिलांची नोकरी तिच्यामुळं गेली होती, आणि हे फक्त बापलेकीलाच ठाऊक होतं.

जालन्याबाहेरच्या फ्लाइंग क्लबात साहेबराव धावपट्टीचे रखवालदार होते. विमान उतरायच्या आधी मोटारसायकलवरून हॉर्न वाजवत पट्टीवर एक फेरी मारायची, कुत्री, शेरडं हाकलायची आणि मग हिरवा झेंडा दाखवायचा, हे त्यांचं काम. ज्योत्स्ना शिष्यवृत्तीवर तिथंच उडायला शिकत होती. महिन्यापूर्वी तिची एकटीनं उडायची पाळी आली, तेव्हा हसनाबादहून आत्याचं सगळं घर कुंपणापाशी येऊन उभं राहिलं.

उतरताना विमान उसळलं. अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण आत्या बघत होती. उतरता न आल्यानं परत वर गेलेली पोरगी तिला कशी दिसेल, एवढंच ज्योत्स्नाच्या मनात आलं. तिनं विमानाचं नाक खाली दाबलं. ते आणखी जोरात उसळलं आणि पुढच्या आदळण्यात पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा जमिनीला लागून वाकला.

तिला खरचटलंही नाही. प्रशिक्षक राधेश्याम सर धावत आले, तेव्हा ती म्हणाली, "कुत्रं आडवं आलं."

सरांनी साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी लेकीकडे पाहिलं.

"व्हतं साहेब. पाव्हण्यांत गुंतलो. माझंच ध्यान न्हवतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्या रविवारी आई दळण आणायला गेली तशी ज्योत्स्ना वडिलांना म्हणाली, "दादा, त्या दिवशी..."

"शेंगा खा. लायसन हातात पडू दे, मंग बोलू."

तिनं शेंग उचलली. सोमवारी सकाळी साहेबराव न्हाणीत कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत ती चार वेळा सरांच्या केबिनमध्ये गेली. पहिल्यांदा सर म्हणाले, "दुःखात आहेस, घरी जा." दुसऱ्यांदा ते फोनवर होते. तिसऱ्यांदा तिनं "सर, त्या अपघाताच्या नोंदीबद्दल" एवढं म्हणताच त्यांनी हात वर केला. "फाईल बंद झाली. तू उडण्याकडं लक्ष दे." चौथ्यांदा क्लार्क म्हणाला, अर्ज द्या, वर पाठवू. ती अर्ज लिहायला बसली आणि दोन ओळींवर थांबली. दर वेळी बाहेर पडताना तिला सुटल्यासारखं वाटायचं. त्या वाटण्याचाच तिला सर्वांत जास्त संताप यायचा.

गुरुवारी सकाळी वर्ग भरला. दारात नवा रखवालदार वसंता टोपी हातात धरून उभा होता. सरांनी फळ्यावर धावपट्टी काढली.

"वसंता, नीट ऐक. आधीचे साहेबराव पाहुण्यांशी गप्पा मारत बसले आणि एका कुत्र्यापायी आपलं विमान मोडलं. तसं करू नकोस."

"बिलकुल न्हाई, साहेब."

"सर, त्या कुत्र्यालाच लायसन द्या," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. वसंताही थोडा हसला, नोकरी नवी होती म्हणून.

ज्योत्स्ना उभी राहिली.

"बस. तुला नाही बोलत मी."

"माझ्याबद्दलच आहे, सर."

"नंतर, केबिनमध्ये ये."

"केबिनमध्ये चार वेळा आले." तिचा आवाज चढला, तो तिनं खाली आणला. "कुत्रं नव्हतं. विमान उसळलं आणि मी नाक दाबलं. चूक माझी, खोटंही मीच बोलले. माझं लायसन हुकू नये म्हणून दादांनी त्याला हो म्हटलं. त्या दिवशी पट्टीवर काहीच नव्हतं, सर. त्यांनी ती मोकळी केली होती."