कुणी न सांगता सुरू झालेली मोटर

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल स्टार्टर आहे. शेतशिवारात फिरलात तर विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत माझे भाऊबंद तुम्हाला दिसतील. दिसायला मी साधा डबा आहे. पोटात एक सिमकार्ड, एक लहान बॅटरी आणि मुंगीएवढे भाग चिकटवलेली एक हिरवी पाटी. मालकाने फोन केला की विहिरीवरची मोटर चालू करायची आणि पुन्हा फोन केला की बंद करायची, एवढेच माझे काम.

माझा जन्म जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारखान्याचे मालक राधेश्यामशेठ. ते तयार झालेला प्रत्येक डबा स्वतः कानाजवळ नेऊन हलवून बघत. आत काही खुळखुळले नाही की खूश होत. मीही खुळखुळलो नाही. मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले आणि मी शहागडला आलो.

शहागडला हमरस्त्याच्या कडेला लतीफभाईंचे मोटर दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी मला बद्रीनाथच्या शेतात बसवले. गोदावरीपासून जवळच ती विहीर होती. बसवताना त्यांनी आधी बद्रीनाथचा नंबर माझ्यात नोंदवला. मग म्हणाले, "बद्रीभाऊ, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मोटर लावायची असंल तर चार आकडे लिहून मेसेज करा लागतो. कारखान्यातून येताना समद्या डब्यांचे आकडे एकच असत्यात. म्हणून मी बदलून टाकून राह्यलो. आता हे आकडे तुम्हाला म्हाईत अन् मला."

बद्रीनाथ हसला. "तुम्ही असल्यावर मला कशाची चिंता, लतीफभाई!"

मित्रांनो, ते दिवस कौतुकाचे होते. लाईट कधीही येई, कधीही जाई. पूर्वी तिच्या मागे धावून बद्रीनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ भिवा थकून जात. आता घरात जेवता जेवता फोन लावला की पाणी सुरू. पाहुणे आले की बद्रीनाथ मुद्दाम त्यांच्यासमोर मोटर चालू करून दाखवी. मला वाटे, आपल्यासारखे भाग्य कुणाचे नाही.

मग एका वादळात शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी यायला बरेच दिवस लागले. लाईट नाही म्हणून माझी बॅटरी उतरत गेली आणि मी पुरता बंद पडलो. पुढे लाईट आली, तसा मीही जागा झालो. बद्रीनाथने फोन केला, मी मोटर चालू केली. सगळे पहिल्यासारखेच दिसत होते. पण माझ्यात एक गोष्ट बदलली होती आणि ती कुणालाही ठाऊक नव्हती.

एका सकाळी मोटर खडखड वाजू लागली. मोटर आणि पंप यांना जोडणारा रबर झिजला होता. बद्रीनाथने फोनवरून मोटर बंद केली. भिवा नवा रबर घेऊन विहिरीत उतरला. विहिरीच्या पोटात एका ओट्यावर मोटर बसवलेली होती. मेन स्वीच पाडायला हवा, हे दोघांनाही माहीत होते. पण मोटर बंद होती, मी गप्प होतो आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

भिवाचा हात त्या सांध्यात होता. तेवढ्यात माझ्या सिमवर एक मेसेज आला. अनोळखी नंबर, चार आकडे आणि हुकूम: मोटर चालू कर.

मी मोटर चालू केली.

विहिरीतून भिवाची किंकाळी आली. बद्रीनाथने धाव घेऊन मेन स्वीच पाडला. दोर लावून भावाला वर काढले तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

दवाखान्यातून भिवा घरी आला आणि गावात एकच प्रश्न फिरू लागला. मोटर लावली कुणी? बद्रीनाथचा फोन त्याच्या खिशात होता. मग ते चार आकडे आणखी कुणाला माहीत होते? कुणी म्हणाले, लतीफने मस्करी केली असेल. कुणी म्हणाले, मुद्दाम केले. मला खरे ठाऊक होते. तो मेसेज माझ्या पोटातच पडून होता. पण मला वाचा कुठे होती?

एके दिवशी बद्रीनाथने मला पेटीतून उपटले आणि लतीफभाईंच्या दुकानासमोर आणून आपटले. माझे झाकण निखळून रस्त्यावर गेले.

"आकडे तुमच्याबिगर कुणाला म्हाईत होते, लतीफभाई? सांगा ना!"

"बद्रीभाऊ, अल्लाची कसम, मी बिलकुल हात लावला न्हाई. भिवा मला भावासारखा हाय."

"भावाची बोटं अशी तोडत्यात का?"

रस्त्यावर माणसे थांबली. लतीफभाईंनी मला उचलले, झाकण शोधून आणले आणि दुकानाचे शटर खाली ओढले. त्यानंतर त्यांच्याकडे मोटरी येणे थांबले. ज्यांच्या तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नात जेवल्या, ती माणसे समोरून आली की रस्ता बदलू लागली.

लतीफभाईंची मुलगी नसरीन जालन्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. ती घरी आली. वडिलांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिने मला टेबलावर उघडले.

सिम काढून फोनमध्ये घातल्यावर तिला तो मेसेज सापडला. तिने त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे परतूरकडच्या एका खेड्यातल्या सोनूबाई होत्या.

"व्हय माय, मीच केल्ता मेसेज," त्या म्हणाल्या. "आमची मोटर लावायची व्हती. 'चालू झाली' असा मेसेज आला, पण आमची चालूच होईना. मंग लेकानं सांगितलं, आई, नंबरातला एक आकडा चुकलाय. का गं, काय झालं?"

नसरीनने फोन हळूच खाली ठेवला. एक कोडे सुटले, पण दुसरे उभे राहिले. चुकून आलेला मेसेज मी ऐकलाच कसा? सोनूबाईंनी कारखान्यातलेच आकडे पाठवले होते आणि अब्बांनी तर माझे आकडे बदलले होते.

तिने आकडे पुन्हा बदलून पाहिले. जुने आकडे पाठवले, मी दाद दिली नाही. नवे पाठवले, मी ऐकले. सगळे बरोबर होते. मग तिला ती जळालेली डीपी आठवली. तिने माझी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबली, पुन्हा जोडली आणि कारखान्यातले आकडे पाठवले.

मी निमूटपणे हुकूम पाळला. बॅटरी पुरती उतरली तरी मालकाचा नंबर सिमवर असल्याने टिकत होता, पण त्याने दिलेले आकडे मी विसरत होतो आणि जन्माच्या वेळचे आकडे पुन्हा धरत होतो.

"अब्बा," नसरीन म्हणाली, "हा एकटा डबा न्हाई. जिल्ह्यातले समदे असेच असतील."

भिवाला हे कळले तेव्हा तो पट्टी बांधलेला हात घेऊन लतीफभाईंच्या दारात आला. "लतीफभाई, माझी बोटं गेली ती गेली," तो म्हणाला. "तुमचं नाव कशापायी जाऊ द्यायचं?" लतीफभाईंनी त्याला पोटाशी धरले. बद्रीनाथ मात्र आला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

नसरीन मला घेऊन राधेश्यामशेठकडे गेली. तिने सगळे करून दाखवले. शेठनी मला बाजूला सारले. मग म्हणाले, "बेटा, हजारो डबे विकलेत मी. हे बाहेर बोललीस तर कारखाना बुडेल. माझ्याकडे वकील आहेत, एवढं ध्यानात ठेव."

"मी महिनाभर कुणाला सांगणार न्हाई, शेठ. तेवढ्यात तुम्ही लोकांना सावध करा."

महिना गेला. शेठनी एकाही शेतकऱ्याला कळवले नाही.

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला काही लोक जमतात. कुणी स्वतः जोडलेले यंत्र आणते, कुणी संगणकाच्या कुलपातली फट शोधून दाखवते. ते स्वतःला हॅकर म्हणवतात. मित्रांनो, हॅकर म्हणजे चोरच असतो असे समजू नका. वस्तू उघडून तिच्या पोटात काय आहे ते बघणारा, असाही त्याचा अर्थ आहे. तिथे नसरीनने बोलायचे ठरवले.

त्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत लतीफभाई आणि भिवा बसले होते. सगळ्यांत मागे राधेश्यामशेठ हाताची घडी घालून उभे होते. नसरीनने त्यांना पाहिले आणि माइक हातात घेतला. मोटरीऐवजी तिने मला एक बल्ब जोडला होता.

"ते चार आकडे मी आज सांगणार न्हाई," ती म्हणाली. "कुणाच्या शेतावर कुणी खेळ करू नये म्हणून. पण खोट काय हाय ते दाखवते." तिने माझे आकडे बदलले, बॅटरी काढली, पुन्हा घातली आणि मेसेज पाठवला. बल्ब पेटला. हॉलमध्ये कुजबुज झाली.

मधल्या रांगेतला एक तरुण उठला. त्याचे नाव हरिओम. "आमच्या विहिरीवर हाच डबा हाय," तो म्हणाला. "पण मी आकडे बदललेत. आमच्याकडं असं होणार न्हाई. थांबा, आत्ता दाखवतो." कारखान्यातले आकडे त्याला माहीत होते. त्याने शेजारच्याचा फोन घेतला आणि भराभर बोटे चालवली.

"थांबा!" नसरीन ओरडली. "पाठवू नका! खाली कुणी असंल तर?"

मेसेज गेला होता.

फोन वाजला. हरिओमने वाचले आणि हसत मान वर केली. "मोटर चालू झाली म्हणतंय. आता?" आणि मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावरच विरले. "आबा... आबा आज विहिरीत उतरणार होते. पायपाच्या तळाची झडप, तो फुटबॉल, साफ करायला."

हरिओमने बंद करायचा मेसेज लिहिला, चुकला, पुन्हा लिहिला. उत्तर येईना. त्याने वडिलांना फोन लावला. स्पीकरवर रिंग वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. भिवा उठून उभा राहिला होता. त्याने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मागे राधेश्यामशेठ भिंतीला टेकले होते.

तिसऱ्यांदा रिंग वाजली आणि पलीकडून खरखरता आवाज आला.

"काय रे हरी? कव्हाचा फोन करून राह्यला?"

"आबा! कुठं हाव तुम्ही?"

"झाडाखाली. भाकर खाऊन राह्यलो. मोटर कुणी लावली रे? आत्ताच वर आल्तो मी. जरा उशीर झाला असता तर..."

हरिओम खुर्चीत कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "आबा, मेन स्वीच पाडा," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

राधेश्यामशेठ पुढे चालत आले. त्यांनी नसरीनकडून माइक घेतला, पण आधी ते भिवाकडे वळले.

"मी महिनाभर गप्प बसलो," ते म्हणाले. "कारखाना वाचवत होतो. आज ह्या रडणाऱ्या पोराचे वडील गेले असते तर ते माझ्या माथी आलं असतं. उद्यापासून माझी माणसं गावोगाव जातील. समदे डबे बदलून देईन." मग त्यांनी भिवासमोर हात जोडले. भिवाने ते हात धरले नाहीत आणि झिडकारलेही नाहीत. "आधी जल्दी माणसं पाठवा शेठ," तो म्हणाला. "माफीचं मागून बघू."

जिन्यात बद्रीनाथ उभा होता. भिवाच्या आग्रहावरून तोच सगळ्यांना आपल्या गाडीतून घेऊन आला होता, पण वर यायचे धाडस त्याला झाले नव्हते. लतीफभाई खाली उतरले तेव्हा तो त्यांच्या पाया पडायला वाकला. लतीफभाईंनी त्याला मध्येच अडवले. "असं करू नगा, बद्रीभाऊ. मला लय लागलं, खोटं कशाला बोलू? पण आता गाडी काढा. घरी जाऊ." येताना मागे बसलेले लतीफभाई आता पुढे बद्रीनाथच्या शेजारी बसले, एवढे मी नसरीनच्या पिशवीतून पाहिले.

राधेश्यामशेठनी पुष्कळ डबे बदलले. तरी काही अजून शिवारात आहेत, कारण मालकांना वाटते की चालते तर कशाला बदलायचे. मी आता विहिरीवर नाही. माझे झाकण तुटले आहे, कडा झिजल्या आहेत. नसरीन मला गावोगावच्या सभांत नेते आणि टेबलावर ठेवते. भिवा बरोबर असतो. तो फारसे बोलत नाही. सगळे सांगून झाले की तो फक्त आपला उजवा हात वर करतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या वस्तू वापरा, त्यांची निगा राखा, पण अधूनमधून त्यांना तपासत राहा. एखादी खोट दिसली तर ती दडवू नका. आधी बनवणाऱ्याला सांगा, त्याने ऐकले नाही तर चारचौघांत सांगा. आणि यंत्राला हात लावण्याआधी मेन स्वीच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. मला दूरवरचा हुकूम ऐकू येतो आणि तो मी क्षणात पाळतो. पण विहिरीत कोण उतरले आहे, हे मला दिसत नाही. ते तुम्हालाच बघावे लागेल.