पक्कडीच्या दातांतला कडू चुरा

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. किती जुनी, ते माझ्या मुठींवरून ओळखा. एक मूठ अजून मूळची लाल आहे. दुसरीचे रबर केव्हाच झिजले, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला आहे. दिसायला मी देखणी नाही, पण माझे दात अजून शाबूत आहेत. या वयात असे किती जणांना म्हणता येते?

पोलादाचा एक तुकडा भट्टीत तापला, घणाखाली चेपला गेला, तेलात बुडाला आणि मी झाले. दुकानात मला एका सायकल दुरुस्तीवाल्याने उचलले. त्याने मला कानाशी नेऊन दोनदा उघडले, दोनदा मिटले आणि दुकानदाराला म्हणाला, "हिला घेतो. ही कुरकुरत नाही."

त्याला सगळा रस्ता मिस्त्री म्हणत असे. दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याचे दुकान होते. भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. काम झाले की हत्यार घासलेटच्या फडक्याने पुसायचे आणि आपापल्या आकृतीवर टांगायचे. त्यात एका दिवसाचाही खंड नसे.

मिस्त्रीचे नियम दोन. पहिला, पक्कडीने नट आवळायचा नाही, कारण पक्कड नटाचे कोपरे खाते. नटाला पाना, तार कापायला पक्कड. दुसरा नियम चाकाचा. वाकड्या चाकाचा आउट, म्हणजे वाक, काढताना त्याच्या तारा एकदम पिळायच्या नाहीत, एका वेळी पाव फेरा द्यायचा. ताण घेताना तार टणकन वाजली तर घाबरायचे नाही, चाक सरळ होऊ लागल्याची ती खूण असते.

आणि त्याचा आवाज! मान वर न करता तो रस्त्यावरची सायकल कानांनी ओळखे आणि ओरडे, "ओ ताई, मागच्या चाकात हवा कमी आहे!" "ओ काका, चेन कोरडी पडलीये, तेल पाजा तिला!" समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याची बायको शिवणकाम करत असे. चहा हवा असला की हा इथूनच हाक मारी आणि अख्ख्या रस्त्याला कळे की मिस्त्रीला चहा हवा आहे.

एकदा दाढी करताना त्याच्या हाताला गळ्यावर एक गाठ लागली. सायकलच्या छऱ्याएवढी, बारीक. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितले, "लहान आहे तोवर काढून टाकू," आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. मिस्त्रीने मान डोलावली. पण आयुष्यभर लोखंड कापणारा हा माणूस स्वतःच्या कातडीवर सुरी चालणार म्हणताच गळाठला. तारीख त्याने स्वतःच पुढे ढकलली आणि घरी सांगितले की इस्पितळानेच ढकलली.

त्याच सुमारास एक निवृत्त मास्तर पंक्चर काढायला आले. गाठीची गोष्ट निघाली. दुसऱ्या दिवशी ते वाळलेल्या जर्दाळूच्या बियांची पिशवीच घेऊन आले.

"कापाकापी कशाला? आतला मगज चावून खा. जितका कडू तितका गुणकारी. गाठ विरघळून जाते."

मास्तर खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी ते कुठेतरी वाचले होते आणि छापलेले सगळे खरे असते, अशी त्यांची जन्माची समजूत होती.

हातोडीने बीचा भुगा झाला. मग मिस्त्रीने मला उचलले. मी बी अलगद फोडली आणि आतला मगज अख्खा निघाला. जे काम माझे नव्हते ते मी चोख केले, याची मला आज लाज वाटते. त्याने तो चावला आणि एरंडेल प्यायल्यासारखे तोंड केले.

पहिल्या महिन्यात रोज एक, दुसऱ्या महिन्यात रोज दोन. गाठ त्याच्या लेखी वाकडे चाक होती आणि तो तिला रोज पाव फेरा देत होता. डोके दुखू लागले, उठताना गरगरू लागले. दुसरा कोणी असता तर थांबला असता. मिस्त्रीला वाटले, तार वाजली! औषध लागू पडत आहे. टरफले तो रोज कागदात बांधून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून येई. असे चार महिने गेले. गाठ मात्र बोराएवढी झाली. त्याने सदऱ्याचे वरचे बटण लावायला सुरुवात केली.

एका दुपारी चहा द्यायला आलेल्या बायकोने ते बटण पाहिले.

"एवढ्या उकाड्यात गळा कशाला बांधलाय? बघू." तिने बटण काढले आणि हातातला कप बाकावर आदळला. "अहो, हे काय वाढवून ठेवलंय! उद्या सकाळी मी स्वतः तुम्हाला इस्पितळात नेणार. एक शब्द ऐकणार नाही."

ती गेली. मिस्त्रीने बटण पुन्हा लावले. उद्यापर्यंत गाठ विरघळायला हवी होती. पाव फेऱ्याचा तो माणूस त्या दिवशी घाईला आला. पिशवीत उरलेल्या सगळ्या बिया त्याने मला फोडायला लावल्या, मगज मूठभरून खाल्ला, पिशवी आणि टरफले कुंडीत टाकली. परत येऊन तो मला पुसायला फडके शोधत होता. फडके हाती लागण्याआधीच तो कोसळला. मी त्याच्या हातातून निसटून बाकाखाली गेले.

त्याला इस्पितळात नेले. तो शुद्धीवर नव्हता, श्वास अडखळत होता. डॉक्टरबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, काय खाल्ले? बायको सांगत होती, "जे मी खाल्लं तेच यांनी खाल्लं." मग त्याची लेक दुकानात धावत आली. खण उघडले, डबे पालथे केले, काही सापडेना. शेवटी तिची नजर फळीवर गेली. एक आकृती रिकामी होती.

"बाबा पक्कड खाली टाकणार? शक्यच नाही," असे पुटपुटत तिने मला बाकाखालून काढले. माझ्या दातांत तपकिरी टरफले आणि पांढरा चुरा अडकला होता. तिने हुंगून पाहिले आणि मला तशीच मुठीत धरून पळाली.

डॉक्टरबाईंनी मला उजेडात धरले. "कडू बियांचा मगज आहे हा. पोटात गेला की त्याचं विष होतं," असे म्हणून त्यांनी विषावरचे औषध मागवले. मित्रांनो, दात रोज स्वच्छ ठेवावेत हे खरेच. पण त्या एका दिवशी माझे अस्वच्छ होते, म्हणून मिस्त्री वाचला.

पुढे गाठ काढली. पण तोवर ती आवाजाच्या नसेपर्यंत पोचली होती. गाठीबरोबर नसही गेली. चार महिन्यांपूर्वी आले असते तर आवाज वाचवता आला असता, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तर दुकानात येऊन बाकावर बसले. "मी वाचलं होतं हो," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "तुम्ही वाचलंत, यांनी खाल्लं, आणि मी चार महिने विचारलं नाही. चहा घ्या, मास्तर."

आता मिस्त्रीच्या घशातून नुसती फुसफुस येते, व्हॉल्व गळल्यासारखी. दाराशी त्याने एक जुनी रिम टांगली आहे. कोरड्या चेनची सायकल गेली की तो मला घेऊन रिमवर दोन ठोके देतो. लोक थांबतात, तो बोटाने दाखवतो. चहासाठीही हेच. रस्ता माझी भाषा शिकला आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला तार कापायला द्या, खिळा उपटायला द्या, पण दुखण्यापुढे मला उभे करू नका. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका नटाला पक्कड लावली नाही, त्याने स्वतःच्या गळ्याला मात्र ती लावली. नटाइतकी तरी स्वतःची कदर करा. भीती वाटली तर घरात बोला, आवाज आहे तोवर.

परवा एक नवखी बाई सायकलवरून गेली. मागच्या चाकात हवा कमी होती. मिस्त्रीने दोन ठोके दिले, मग आणखी दोन. तिने वळून पाहिले नाही. तो दारात आला, त्याने छातीभर श्वास घेतला, तोंड उघडले आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तसाच उभा राहिला. मग त्याने मला पुसले आणि माझ्या आकृतीवर टांगून ठेवले.