खेळ सुरू झाल्यावर दार बंद

माझ्या दादाला जिच्याबद्दल मत नाही अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. चहात साखर आधी घालावी की नंतर, इथपासून त्याची मतं सुरू होतात आणि कुठेच संपत नाहीत. मीही त्याचीच बहीण. खाण तशी माती. पण आमच्या घरात खरी जुंपली ती दोन विषयांवर: साथीच्या काळातली बंदी आणि सिनेमा, पुरस्कारांसकट. पहिल्या विषयामुळे आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, दुसऱ्यामुळे पुन्हा बोलायला लागलो, आणि परवाच्या पुरस्कारांपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

दादा तीस वर्षं एका चित्रपटगृहाचा मॅनेजर होता. गळ्यात शिट्टी आणि तोंडात एकच नियम: खेळ सुरू झाला की दार बंद. उशिरा आलेल्याला मध्यंतराला आत घेतलं जाई, त्याआधी नाही. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा वहिनी एकदा दहा मिनिटं उशिरा पोचली. दादाने तिलाही बाहेरच्या बाकावर बसवलं. वर लोकांना सांगितलं, "घरच्यांना सूट दिली तर दाराला अर्थ काय?" वहिनी ही गोष्ट हसत हसत सांगते. मला तिच्या जागी कल्पून पाहा. मी पहिल्या बसने माहेर गाठलं असतं.

निवृत्त झाल्यावर दादा आमच्या इमारतीचा अध्यक्ष झाला. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझी लेक पहिल्यावर. मग साथ आली, आणि दादाला पुन्हा एक दार मिळालं. सरकारने एक म्हटलं की हा दोन करायचा. फाटकाला मोठं कुलूप, किल्ली दोरीत ओवून शिट्टीशेजारी गळ्यात. भाजीवाल्याने टोपली फाटकाबाहेर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं, नाहीतर शिट्टी.

माझं मत उलटं होतं आणि अजूनही आहे. निदान परवापर्यंत तरी होतं. माझं चष्म्याचं दुकान. ते बंद करायला लावलं, कारण म्हणे चष्मा अत्यावश्यक नाही. "मग लोकांनी तुमचे नियम वाचायचे कसे?" असं मी जिन्यातून ओरडून विचारलं होतं. दादा म्हणाला, "मोठ्याने वाचून दाखवू." गंमत म्हणजे हाच माणूस चित्रपटगृहं बंद ठेवली म्हणून रोज सरकारला शिव्या घालत होता. सोफ्यावर लोळून पाहिलेल्या सिनेमाला पुरस्कार देणं म्हणजे घरी बसलेल्याला शर्यतीत पहिला ठरवणं, असं त्याचं मत. सगळं बंद करा, फक्त माझं दुकान उघडा, असं मी म्हटलं तर मी स्वार्थी. तो म्हणाला तर ते तत्त्व.

त्याच दिवसांत वहिनीची आई आजारी पडली. वहिनी तिच्याकडे गेली आणि आईचं शेवटचं सगळं करून एकटीच परतली. हातात एक बॅग, चेहरा उतरलेला. ती फाटकाशी पोचते न पोचते तोच दादाने शिट्टी फुंकली.

"बाहेरून आलेल्याने दोन आठवडे बाहेर राहायचं. नियम आहे."

मी गॅलरीत होते. मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने फाटकाबाहेरची रखवालदाराची खोली आधीच झाडून ठेवली होती. खाट, पाण्याचा माठ, चादर, सगळं होतं. वहिनी क्षणभर कुलुपाकडे पाहत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "मध्यंतर कधी आहे?"

"या खेळाला मध्यंतर नाही," दादा म्हणाला.

त्यानंतर ती हसली नाही. गपचूप त्या खोलीत गेली. मी गॅलरीतून दादाला दगड म्हटलं, राक्षस म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं, ते सगळ्या इमारतीने ऐकलं. आई गेलेल्या बाईला आपल्या माणसाचा हात लागू नये? त्यावर त्याने काय करावं? खुर्ची आणली, फाटकाच्या आतल्या बाजूला मांडली आणि बसला. रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तिथेच. मी म्हटलं, बायकोवर पहारा ठेवतोय मेला.

दोन आठवड्यांनी वहिनी वर आली, चहा ठेवला आणि संसार पुढे सुरू झाला. तिने त्या दिवसांबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. "आपल्या इमारतीत एक तरी आजारी पडलं का?" दादा विचारायचा. "शेजारच्या इमारतीला तर फाटकच नाही, तिथे तरी कोण पडलं?" मी विचारायची. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी बोलणंच बंद झालं. जिन्यात समोरासमोर आलो तर तो छताकडे बघायचा आणि मी पायऱ्यांकडे.

आता माझ्या लेकीबद्दल. ती सिनेमे लिहिते. त्या दोन आठवड्यांत ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असायची. मला वाटायचं, कंटाळलीये बिचारी. दोन वर्षांनी तिचा सिनेमा लागला. मी नटूनथटून बघायला गेले, आणि पडद्यावर कोण आलं? एका इमारतीचा अध्यक्ष. गळ्यात शिट्टी. बायको फाटकाबाहेर. तो शिट्टी वाजवतो आणि सगळं प्रेक्षागृह खो खो हसतं. मीही हसले.

"अगं, हा तर मामा!" मी लेकीच्या दंडाला चिमटा काढला.

"मामासारखा आहे. मामा नाही," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

शेवटी तो अध्यक्ष रडत रडत दगडाने कुलूप फोडतो, किल्ली गळ्यात असताना, आणि बायकोला मिठी मारतो. लोक आधी हसले, मग नाक पुसू लागले. "हा शेवट माझा नाही, निर्मात्याला हवा होता," लेक पुटपुटली. मला शेवटाचं काय पडलं होतं! दादाने हे पाहिलं तर पुढची वीस वर्षं तो छताकडेच बघत जिना चढणार, हे मला कळून चुकलं. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं भांडूनही मला तो हवा होता. भांडायला दुसरं कोण होतं मला?

दादाने सिनेमा पाहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप. दारात तो उभा.

"छोटे," तो म्हणाला, "पहिल्यांदा कुणीतरी आमच्यासारख्यांची बाजू मांडली बघ. भाचीबाईंना सांग, मामा खूश आहे."

मी दार पुरतं उघडलं.

"काय माणूस दाखवलाय! तत्त्वाचा. फक्त शेवट फसला. असला माणूस कुलूप फोडत नाही. तिथे लेखिकेने कच खाल्ली."

आणि आत येऊन, जणू काल रात्रीच गेला होता अशा थाटात, खुर्चीवर बसला. मी चहा टाकला. याला कळलं नाही की हा वेड पांघरून पेडगावला निघालाय? शिट्टी तर आताही गळ्यातच होती. लोक ज्याला हसत होते त्याला हा हिरो समजून बसला होता. विचारावं तर भांडं फुटणार, न विचारावं तर झोप नाही. मी मूग गिळून चहा दिला.

पुढे त्या सिनेमातल्या अध्यक्षाला, म्हणजे त्या नटाला, सहाय्यक भूमिकेच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. झालं! दादाने घरातली जुनी रीत पुन्हा काढली. पुरस्कारांच्या संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्याकडे जमायचं, कोण जिंकणार ते आधी सांगायचं, आणि ज्याचं चुकेल त्याने स्टुलावर चढून म्हणायचं, "माझं मत चुकलं." स्टूल त्याच्या चित्रपटगृहातल्या तिकीटखिडकीचं, उंच आणि एका पायाने लंगडं. त्यावर मी असंख्य वेळा चढले आहे. दादा कधीच नाही. त्याचं चुकलं की परीक्षक चुकलेले असत.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं होतो. दादाने मध्ये स्टूल मांडलं. "आपला अध्यक्ष जिंकणार," त्याने जाहीर केलं. मी म्हटलं, नाही जिंकणार. मनात म्हटलं, देवा, नको जिंकू देऊस. तो नट मंचावर चढून काय बोलेल याचा नेम नव्हता. लेकही म्हणाली, "नाही जिंकणार मामा." वहिनी या खेळात कधी भाग घेत नाही.

"मला कुठलं मत, वन्सं," ती म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

तो जिंकला. लेकीने डोळे मिटले. नट मंचावर आला, पुरस्काराची बाहुली हातात घेऊन जरा हसला आणि म्हणाला, "हा माणूस खरा आहे. आमच्या लेखिकेने त्याला खिडकीतून पाहिलंय. काका, तुम्ही कुठे असाल तर माफ करा, आम्ही तुम्हाला खूप हसलो. पण एक विचारतो. आमच्या सिनेमात तुम्ही दार उघडता. खरोखरही उघडलं होतंत ना?"

तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे दादाने टीव्हीचा आवाज बंद केला.

"मामा, मी..." लेक उभी राहिली.

"कुठली खिडकी? स्वयंपाकघराची?"

तिने मान हलवली.

"तरीच. खुर्ची बरोबर त्याच बाजूने दिसते."

"दादा, तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तीस वर्षं सिनेमे दाखवले मी. पडद्यावर स्वतःला ओळखणार नाही?" तो म्हणाला. "शेजारचा माणूस हसून हसून माझ्या खांद्यावर पडत होता."

"मग खूश आहे असं का सांगितलंस?"

"दोन वर्षांनी तुझं दार वाजवायला काहीतरी निमित्त लागतं की नाही?"

मला रडू फुटलं. ते लपवायला मी उठले आणि म्हटलं, "चला, नियम म्हणजे नियम. आम्ही हरलो, आम्ही चढतो." पण माझ्याआधी दादाच स्टुलाकडे गेला. भिंतीला हात टेकत, गुडघे कुरकुरत, तो त्या लंगड्या स्टुलावर चढला.

"अरे, तू जिंकलास!"

"माझं मत..." तो म्हणाला आणि थांबला. इतकी वर्षं मतांची टांकसाळ चालवणाऱ्या माझ्या भावाला पुढचा शब्द सुचेना. एवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि नवऱ्याला तिथे उंचावर पाहून दारातच थबकली.

"अहो, हे काय?"

"तुला विचारायचं होतं," दादा वरूनच म्हणाला. "तेव्हा तुला आत घ्यायला हवं होतं का?"

मला उत्तर पाठ होतं. दोन वर्षं मी तेच तर ओरडत आले होते. मी वहिनीकडे बघितलं. म्हटलं, बोल आता, टाक एकदाचं सगळं.

"हे आज विचारताय?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा विचारलं असतंत तर मीच म्हणाले असते, मला आत घेऊ नका. आईजवळ शेवटपर्यंत मी होते. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. वाटभर तेच ठरवत आले, की फाटकाशी गेल्यावर सांगायचं, मी बाहेर राहते, तुम्ही लांबून बोला माझ्याशी. तेवढं बोलायचं होतं मला." तिने ट्रे टेबलावर ठेवला. "तुम्ही आधीच शिट्टी वाजवलीत."

माझ्या दुकानात डोळे तपासताना मी भिंगं बदलून विचारते, हे बरं दिसतं की ते? काही लोक गोंधळतात, दोन्ही बघतात, परत बघतात आणि ओशाळून म्हणतात, नक्की सांगता येत नाही हो. मी त्यांच्यावर मनातून चिडते. एवढं काय अवघड आहे? त्या संध्याकाळी मी तशीच बसले होते. दार बंद ठेवणं चूक, असं मी दोन वर्षं वहिनीच्या वतीने भांडले, आणि तिला तर दार बंदच हवं होतं. म्हणजे दादाचं बरोबर? तसंही नव्हे, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि मी तरी कुठे एकदा फाटकाशी जाऊन तिला विचारलं होतं? मीही गॅलरीतूनच शिट्टी वाजवत होते.

"रोज खुर्ची टाकून बसायचो," दादा हळूच म्हणाला. "तू बोलशील म्हणून."

"मला वाटायचं, तुम्ही पहारा देताय," वहिनी म्हणाली.

मी खाली बघितलं.

दादाने उतरण्यासाठी हात पुढे केला. स्टूल डुगडुगत होतं आणि त्या गुडघ्यांनी एकट्याला खाली येणं काही जमणार नव्हतं. मी धावले, तर वहिनीने मला खुणेनेच थांबवलं. तिने त्या हाताकडे नीट पाहिलं आणि ट्रे पुन्हा उचलला.

"चहा गार झाला, गरम करून आणते," ती म्हणाली. "तुम्ही थांबा तिथेच. मध्यंतराला उतरवते."

ती हसत होती की नाही, मला कळलं नाही. आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला. दादाने भिंतीला हात टेकला आणि तो थांबला.