खिडकीतून ओतलेला चहा

सन १९७३. टिपररी परगण्यातल्या रॅथनीन गावाच्या मुली कमोगीची लीग जिंकता जिंकता राहिल्या, ते हे वर्ष. गावात अजूनही त्या वर्षाचे नाव कोणी काढत नाही. चुकून काढलेच, तर ऐकणारा उठून कुत्र्याला बाहेर सोडायला जातो. म्हणून मलाच सांगावे लागत आहे.

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. तुमच्या घरात शेगडीवर असते तशी लहान नव्हे. मी गावच्या सभागृहातली किटली. माझ्या पोटातल्या चहात दोन्ही संघ न्हाऊन निघतील. मला दोन कान आहेत, एक पाठीमागे आणि एक पुढे तोटीच्या वर. भरल्यावर मला दोघींनी उचलायचे असते. ज्या कारागिराने समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला, त्याला ठाऊक असावे की चहा पाजणे हे एकटीचे काम नाही.

रॅथनीनच्या बायकांनी एका हिवाळ्यात पत्त्यांचे डाव भरवले, बक्षिसाला जिवंत हंस ठेवले आणि जमलेल्या पैशांतून मला थर्ल्स गावच्या दुकानातून आणले. तेव्हापासून माझा कारभार हॅनी लॉकननकडे होता. ठेंगणी, विधवा बाई. डोंगरापलीकडच्या कुलगॅरन गावात जन्मलेली, लग्न होऊन रॅथनीनला आलेली. पिठाच्या जुन्या पिशवीच्या मलमलीत ती चहापत्तीची पुरचुंडी बांधी, उकळत्या पाण्यात सोडी आणि माझ्या अंगावर नवऱ्याचा जुना कोट घाली. त्या कोटाला शेवटपर्यंत तंबाखूचा वास येत होता.

आमच्याकडे एक रीत होती. सामना संपला की यजमान गावाने पाहुण्या संघाला जेवूखाऊ घालायचे. मैदानात एकमेकींच्या नडग्या फोडलेल्या असोत, टेबलावर बसवून आधी त्यांना वाढायचे. मग पाहुण्यांच्या कर्णधाराने उभे राहून चहाचे आभार मानायचे आणि तीनदा जयघोष करायचा. हॅनी म्हणे, "रॅथनीनमधून कोणी बिनचहाचं जात नाही. हरलेलं नाही, जिंकलेलं नाही, आणि रेफरीसुद्धा नाही. तो कितीही गाढव असू दे."

माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या ओट्यावर होती. तिथून मैदान दिसे. कमोगी हा बायकांचा खेळ. टोकाला चपटी झालेली ॲश झाडाच्या लाकडाची काठी, लहानसा चामडी चेंडू, दोन्हीकडे बारा बारा जणी. चेंडू दोन उंच खांबांमधून आडव्या दांड्याच्या वरून गेला की एक गुण, खालून जाळ्यात शिरला की तीन. खांबापाशी उभा असलेला पंच पांढरा झेंडा हलवी, तेव्हा तो एक गुण खरा होई. पंच यजमान गावाने द्यायचे.

मैदान मात्र पुरुषांचे होते. त्यांचा सराव आटोपला की उरलेल्या उजेडात मुली खेळत. त्यांची कर्णधार होती डिम्फना कॉस्टिगन. ती दूध डेअरीत कामाला होती. आवाज असा, की दुधाचे कॅन वाजताहेत असे वाटावे. एका संध्याकाळी ती पुरुषांच्या समितीपुढे उभी राहिली.

"उरलेला उजेड आमचा, उरलेले चेंडू आमचे, गवत कापायची पाळी मात्र आमची पहिली," ती म्हणाली. "आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आम्हाला पाहिजेत."

अध्यक्ष हसले. "लीग जिंका, पोरींनो. मंगळवार आणि गुरुवार तुमचे."

ते गमतीत बोलले असतील. डिम्फनाने मात्र तो शब्द गाठीला बांधला.

त्या वर्षी मुली अशा खेळल्या की पुरुष सराव लवकर उरकून कुंपणावर बसू लागले. डिम्फनाचा बाप पॅकी काठ्या घडवी. ॲशच्या बुंध्याचा, जिथे मूळ वळते तिथला तुकडा निवडून तो काठी काढी. त्यामुळे लाकडाचे तंतूही वळणाबरोबर वळत आणि काठी मोडत नसे. दोन्ही गावांच्या मुली त्याच्याच काठ्यांनी खेळत. पाहुणे येत, हरत, चहा पीत आणि हसत जात. मी उन्हाळाभर भरत होते आणि रिकामी होत होते. माझ्या आयुष्यातले तेच दिवस सुखाचे होते, असे आता वाटते.

शेवटचा सामना जुलैतल्या एका रविवारी कुलगॅरनशी होता. जिंकेल त्याची लीग. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. कुलगॅरनची कर्णधार असम्प्टा क्विर्क हिने मैदानाच्या कडेवरून चेंडू असा मारला की तो खांबांच्या टोकांहूनही वर गेला. आतून गेला की बाहेरून? खांबाखाली पंच म्हणून पॅकी उभा होता. त्याने वर पाहिले. मग त्याने मुलीकडे पाहिले. आणि पांढरा झेंडा उचलला.

"डॅडी!" डिम्फना धावत आली. "तो बाहेरून गेला!"

"आतून गेला, पोरी."

"बाहेरून!"

"मी खाली उभा होतो. तू मैदानाच्या पार तिकडे होतीस."

कुंपणावरून कोणीतरी ओरडले, "पॅकी, चष्मा घरी विसरलास की कुलगॅरनला काठ्या खपवायच्यात?" लोक हसले. पॅकीने झेंडा नीट गुंडाळून काखेत धरला आणि खाली मान घातली. शिट्टी वाजली. लीग गेली, आणि मंगळवार-गुरुवारही गेले.

स्वयंपाकघरात हॅनीने चहा तयार ठेवला होता. सँडविचवर ओले फडके होते, सफरचंदाचे टार्ट कापलेले होते. मी भरलेली होते, अंगावर कोट होता. डिम्फना आली. बोटांची सालटी निघालेली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"त्यांना चहा नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"गुण घेऊन चालल्यात ना? तेवढं पुरे."

"अगं वेडे, पाहुण्या आहेत त्या. हात धू आणि पुढून धर. गार होईल."

"तुम्हाला घाई असणारच, हॅनीबाई," डिम्फना म्हणाली. "तुम्ही तिकडच्याच ना."

हॅनीचे हात माझ्या पाठच्या कानावर होते. ते तिने काढून घेतले. इतकी वर्षे या गावाला चहा पाजला, नवरा इथल्या मातीत पुरला, आणि ती अजून तिकडचीच होती. तिने एप्रनला हात पुसले. ते ओले नव्हते.

मग डिम्फनाने मला एकटीने उचलले. कसे उचलले कोण जाणे. रागात बळ येते. तिने कोट बाजूला फेकला, मला खिडकीच्या चौकटीवर टेकवले आणि बाहेरच्या खाजकुइलीत वाकडे केले. चौकटीवर आपटून माझ्या पोटाला पोचा आला. तो अजून आहे. दारात आमच्याच मुली उभ्या होत्या. त्यांतली एक फिसकन हसली, आणि लगेच गप्प झाली. पानांतून वाफ वर येत होती. चहाचा वास सगळीकडे पसरला. सभागृहातही गेला असणार.

स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये वाढायची एक खिडकी होती. तिच्यातून मी पाहत होते. कुलगॅरनच्या मुली ओल्या केसांनी टेबलांपाशी बसल्या होत्या, समोर रिकामे कप. पाहुण्याने मागायचे नसते, वाट पाहायची असते. त्या वाट पाहत राहिल्या. शेवटी असम्प्टा उठली. उंच, लाल केसांची, किराणा दुकानात काम करणारी मुलगी.

"रॅथनीनच्या मैत्रिणींनो," ती म्हणाली, "आज तुम्ही आमच्याहून वाईट खेळला नाहीत. पॅकीकाकांनी झेंडा खरा धरला, त्यांचे आभार. आणि चहाबद्दल आभार."

मित्रांनो, ती टोमणा मारून बोलली असती तर मी तो सोसला असता. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. रीत होती म्हणून तिने आभार मानले. मग त्या सगळ्यांनी उभे राहून आमच्या नावाने तीनदा जयघोष केला, खुर्च्या टेबलाखाली सरकवल्या आणि गेल्या. जाताना एकीने कप पालथे घालून ठेवले, कोरडेच, धूळ बसू नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, किटलीला कसली लाज? तिने थोडाच चहा ओतला! पण भांडे ज्या घराचे, त्या घराची लाज त्याला चिकटते. मला घासून चकाकी आणता येते, पण त्या दिवसापासून माझ्यात तोंड पाहायला कोणी वाकले की मला नजर चुकवावीशी वाटते.

बातमी डोंगर ओलांडून गेली. शरद ऋतूत दुसऱ्या एका गावच्या मुली सामन्याला आल्या. सामना झाल्यावर त्या सभागृहात आल्याच नाहीत. गाड्यांमध्ये बसून त्यांनी पिशव्यांतून फ्लास्क काढले आणि घरून आणलेला चहा प्यायला. मी खिडकीतून पाहत होते. आत टेबले मांडलेली होती. डिम्फना दारात उभी होती, हातात सँडविचची थाळी. कोणीही तिच्याकडे पाहिले नाही.

हॅनी त्यानंतर एकदाच सभागृहात आली. तिने मला कोटात गुंडाळले, बसमध्ये मांडीवर घेतले आणि कुलगॅरनला नेऊन असम्प्टाच्या हाती दिले. "हिला काम पाहिजे," एवढेच ती म्हणाली.

पुढच्या वसंतात लीग पुन्हा सुरू झाली आणि रॅथनीनचा संघ कुलगॅरनला आला. त्या दिवशी रॅथनीन जिंकले. पण मुली आत आल्या तेव्हा चोरासारख्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पिशव्यांतून फ्लास्कची टोके डोकावत होती.

"ते फ्लास्क आत ठेवा," असम्प्टा म्हणाली. "आमच्याकडे फ्लास्क आजाऱ्याला लागतो. तुम्ही आजारी असाल, असं आजच्या खेळावरून तरी वाटलं नाही. बसा!"

बसल्या. मला दोघींनी धरून आणले. डिम्फनाच्या कपात मी वाकले, तेव्हा माझा पोचा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने तो ओळखला.

"ही आमची किटली," ती हळूच म्हणाली.

"होती," असम्प्टा म्हणाली. "दूध घे."

आता पाहुण्या कर्णधाराने आभार मानायचे होते. डिम्फना उभी राहिली. तिचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "चहाबद्दल..." ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "चहाबद्दल..." पुढे शब्द येईना. ती तशीच खाली बसली, मान खाली घालून.

"पी गं," असम्प्टा म्हणाली. "गार होतोय."

त्यानंतर काय झाले ते मला पॅकीकडून कळले. तो कुलगॅरनला काठ्या पोचवायला येई आणि चहा घेताना बोले. डिम्फना हॅनीच्या दाराशी जाऊन परत आली होती, एकदा नव्हे, बरेचदा. अखेर एके दिवशी आतूनच हाक आली, "दारात उभी राहून काय करतेस? पाणी ठेवलंय." दोघींनी चहा घेतला. गाईंबद्दल बोलल्या, हवेबद्दल बोलल्या. त्या एका वाक्याबद्दल बोलल्या नाहीत. डिम्फनाने चहा पाहुण्यांचा ओतला होता, पण जखम हॅनीला केली होती. चहा पुन्हा करता येतो. हॅनी सभागृहात पुन्हा आली नाही.

१९७९च्या हिवाळ्यात हॅनी गेली. मयताच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा द्यायचा असतो, आणि तिच्या घरी दोन्ही गावे लोटली. असम्प्टाने मला गाडीतून नेले. दारात डिम्फना उभी होती. तिने माझा पुढचा कान धरला. असम्प्टाने मागचा. दिवसभर त्या दोघी मला घेऊन त्या खोलीत फिरल्या. डिम्फनाने प्रत्येकाला वाढले, कुलगॅरनच्यांना आधी. स्वतः घोटही घेतला नाही. संध्याकाळी तळाशी कपभर काळा चहा उरला. असम्प्टाने तो ओतून तिच्यापुढे ठेवला.

"मला नको," डिम्फना म्हणाली.

"घे. रॅथनीनमधून कोणी बिनचहाचं जात नाही."

डिम्फनाने कप उचलला, आणि मग ती रडली.

पॅकीने डोळ्यांत मोतीबिंदू होईपर्यंत झेंडा धरला. तो चेंडू आतूनच गेला होता, असे तो मरेपर्यंत सांगत होता. असम्प्टा बोस्टनला गेली, तिथे तिने नातींना काठी धरायला शिकवले. मुलींना मंगळवार-गुरुवार मिळाले, पण फार उशिरा. पुढे मुली कमी पडू लागल्या तेव्हा दोन्ही गावांचा मिळून एक संघ झाला, आणि तो रॅथनीनच्या मैदानावर खेळतो. म्हणून मीही घरी आले. डिम्फना आता म्हातारी आहे. सामन्यानंतरचा चहा तीच पाहते.

चहा आता विजेच्या बंबात होतो आणि कागदी कपांतून दिला जातो. मी कपाटावर असते. पोटात पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर धरला आहे. कोणी म्हणाले, हिच्यात फुलझाड लावू या. डिम्फना म्हणाली, "हात लावून बघा."

मित्रांनो, जुन्या भांड्यांतला हा थर काढत जा. व्हिनेगर घालून उकळले की निघतो. आणि दारी आलेला तुम्हाला हरवून आलेला असला, तरी पाणी आधी ठेवा. हरल्यावर पाणी उकळायला जास्त वेळ लागत नाही. तेवढाच लागतो.

त्या खिडकीखाली खाजकुइली अजून उगवते. नव्या मुली दर वर्षी विळा घेऊन येतात. डिम्फना ती कोणाला कापू देत नाही.