एकोणतीस नंबरचा शिक्का

सलग तिसरा शनिवार, आणि चाकांचं हे सहावं दुकान. तपासनीसांच्या पायांचे नुसते तुकडे पडले होते. दुकानात बसायला एकच स्टूल, आणि त्यावर नटबोल्टचा डबा. तो उचलून खाली ठेवावा तर चाकवाला काय म्हणेल, म्हणून ते आपले उभेच. निवृत्त माणसाला आराम असतो असं ज्यानं कोणी सांगितलं, त्याला लेक नसावी, आणि असलीच तर तिच्याकडे जुनी गाडी नसावी.

खरं तर त्यांना तपासनीस म्हणायचं आता काही कारण उरलं नव्हतं. चाकं ओतायच्या कारखान्यातून सुटून चार वर्षं झाली होती. पण त्याआधीची अठ्ठावीस वर्षं एक्स-रेच्या पडद्यासमोर बसून चाकं पास-नापास करण्यात गेली, आणि घरच्यांनी थट्टेनं ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. टोमॅटो घ्यायचा तर चारी बाजूंनी फिरवून, नळाचा वॉशर घ्यायचा तर उजेडात धरून. बायको म्हणायची, "लग्नाला मात्र बरे पटकन हो म्हणालात!"

लेक घरोघर जाऊन आजारी माणसांकडून व्यायाम करून घ्यायची. कोणाचा खुबा मोडलेला, कोणाची अर्धी बाजू गेलेली. दिवसाला सात-आठ घरं, डिकीत घडीचं टेबल आणि उशा. दोन महिन्यांपूर्वी तिनं ही गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, पण आधीच्या मालकानं ती कुठल्या खड्ड्यात घातली होती देव जाणे, चारी चाकांच्या कडा वाकलेल्या. जरा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं. दिवसभर लोकांचे हातपाय धरून झाले की ही बाई घरी येऊन स्वतःचे हात गरम पाण्यात बुडवून बसायची.

तिचं म्हणणं साधं होतं. मूळ कंपनीच्या चाकांसारखीच दिसणारी दुसऱ्या कोणीतरी बनवलेली नवी चाकं मिळतात, ती टाकू आणि मोकळं होऊ.

"नकली? माझ्या लेकीच्या गाडीला नकली चाकं?" तपासनीस भडकले होते. "चार लोकांत माझं नाक कापायला निघालीस?"

झालं! त्या दिवसापासून बापलेक अस्सल जुनी चाकं शोधत गावभर हिंडत होते. एका दुकानातलं चाक वेल्डिंग केलेलं निघालं. दुसऱ्याकडचं अस्सल म्हणून दाखवलेलं उलटं करताच नकली ठरलं. तिसऱ्याकडे तीनच होती. लेकीनं बोलणंच सोडलं होतं. दुकानात शिरलं की ती मोबाइल काढून उद्याच्या घरांचे पत्ते बघत राही.

सहावा चाकवाला मात्र बोलका निघाला. त्यानं आतून एकेक करत चार चाकं आणून जमिनीवर मांडली. "काका, ही बघा. अस्सल. गाडीला मागून ठोकर बसली, गाडी भंगारात गेली, चाकं धड राहिली. आणि ही इकडे खोक्यात नवी नकली. मी लपवाछपवी करत नाही. किंमत म्हणाल तर उन्नीस-बीस."

तपासनीसांनी वाकून पहिलं चाक उलटं केलं. मागच्या बाजूला कंपनीची खूण, माप, किती भार पेलेल त्याचा आकडा, सगळं जिथल्या तिथे. ते चष्मा पुसत होते तेवढ्यात लेकच ओरडली.

"बाबा! एकोणतीस!"

मधल्या भोकाशेजारी, करंगळीच्या नखाएवढ्या गोलात, एकोणतीस. तिनं भराभर बाकीची तीन उलटी केली. चारींवर तोच शिक्का. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. लहानपणी तिनं हा आकडा बापाच्या खिशावरच्या बिल्ल्यावर रोज पाहिला होता.

"हा यांचा नंबर!" तिनं चाकवाल्याला सांगितलं. "कारखान्यात यांनी पास केल्याशिवाय चाक बाहेर पडायचं नाही. डोळ्यांत तेल घालून बघायचे. ही चाकं यांनी स्वतः बघितलीत!"

"मग आता मी काय बोलणार!" चाकवाला हसला. "जॅक आणतो."

तपासनीस मात्र शिक्क्याकडे बघतच नव्हते. त्याच्या वरच्या अंगाला घड्याळासारखी एक छोटी तबकडी असते. तिच्यातला बाण चाक ओतल्याचा महिना दाखवतो आणि मधे साल असतं. त्यांनी ते साल वाचलं, चष्मा पुन्हा पुसला आणि परत वाचलं.

ते नोकरीचं शेवटून दुसरं साल. शेजारच्या पडद्यावरचा माणूस कंपनीनं कमी केला होता आणि दोन्ही पडदे यांच्या गळ्यात मारले होते. दर चाळीस सेकंदांनी डावीकडे एक चाक, उजवीकडे एक. पहिल्या आठवड्यात मान इकडून तिकडे फिरवून चक्कर आली. मॅनेजरकडे गेले तर तो म्हणाला, "तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाला काय अवघड आहे?" मग ते डावीकडे बघायचे आणि उजवीकडचं हिरवं बटण हात आपोआप दाबायचा. पुढे पुढे डावीकडचंही तसंच व्हायला लागलं. डोळे सताड उघडे, पण आत कोणी नाही. चाक पुढे जायचं, शिक्का बसायचा, दुसरं यायचं. अखेर कंपनीनं आपोआप बघणारं यंत्र आणलं आणि यांना हार घालून घरी पाठवलं. निरोपाच्या भाषणात मॅनेजरही डोळ्यांत तेल वगैरे म्हणाला होता, आणि यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

"ओरखडे फार आहेत गं," तपासनीस म्हणाले.

लेकीनं वळून पाहिलं. "ओरखडे?"

"आणि कडेला रंगही काळवंडलाय. अजून एखादं दुकान..."

"बाबा, पुरे!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की चाकवाला जॅक घेऊन दारातच थांबला. "तीन शनिवार झाले. हे बघा माझे हात. काल एका आजींना उठवताना माझ्याच हातून त्या सुटत होत्या. मी थकलेय हो. आता तुम्हाला स्वतःच पास केलेलं चाकही नको? नक्की हवंय तरी काय तुम्हाला?"

गप्प बसणं फार सोपं होतं. शंभरातली नव्याण्णव चाकं चांगलीच निघायची, न बघताही. ही चार तर इतकी वर्षं धावून धड राहिलेली. सगळं उकरून काढायचं, तेही परक्या माणसासमोर, स्वतःच्या लेकीला सांगायचं, एवढं त्राण अंगात कुठून आणायचं? त्यांना तिथेच त्या डब्याशेजारी मटकन बसावंसं वाटलं. लेकीनं एक चाक दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं आणि गाडीकडे निघाली.

"थांब," ते म्हणाले. "ते लावू नकोस."

"का?"

"त्या वर्षी मी बघत नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बघत नव्हतो. नुसता शिक्का मारत होतो." आणि मग त्यांनी सांगून टाकलं, दोन पडदे, उजवा हात, हिरवं बटण. सांगताना शरमेनं कान तापले होते, पण मधे कुठे थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करणं जमलं नसतं.

लेकीच्या हातातलं चाक हातातच राहिलं. चाकवाल्यालाच राहवलं नाही. "काका, ठोकून आवाजावरनं नाही कळत का?"

"ओतताना धातूत राहिलेली बारीक भोकं ठोकून कळत नाहीत. तेवढ्यासाठीच तर मला ठेवलं होतं."

मग लेकीनं चाक हळूच खाली ठेवलं. "आणि नकली कोणी बघितलीत?"

तपासनीसांनी खोक्यातलं चाक काढलं. भाराचा आकडा गाडीला लागतो त्याहून जास्त होता. मधलं भोक गाडीच्या हबवर बरोबर बसत होतं. सोबत चाचणीचा कागद होता आणि खाली कोणाची तरी सही. "याला मी ओळखत नाही," ते म्हणाले. "त्याची एवढीच जमेची बाजू आहे. घे, ही घे."

तासाभरात नकली चाकं बसली. बॅलन्सिंग झालं. चाकवाल्यानं अस्सल चाकं परत आत नेली नाहीत, दाराशीच भिंतीला टेकवून ठेवली. "यांचं आता मी काय करू?" असं त्यानं विचारलं. तपासनीस म्हणाले, "वितळवायला दे." त्यानं मान हलवली, पण तो देईलच याची त्यांना खात्री वाटली नाही.

गाडी सरळ धावत होती, स्टिअरिंग जराही थरथरत नव्हतं. लेक पुढे बघून चालवत होती. आईनं केलेला फोनही तिनं घेतला नाही. मोठ्या चौकात सिग्नल लागला. चारी बाजूंनी शनिवार संध्याकाळची गर्दी.

"दिवसाला किती, बाबा?"

"हजार. कधी बाराशे."

"आणि किती महिने?"

"चौदा."

ती हिशेब करत असावी किंवा नसावी. "कोणाला सांगितलं होतंत?"

"आत्ता तुला सांगितलं तेवढंच."

"मलाच का?"

असला प्रश्न कोणी विचारतं का! "तू माझी लेक आहेस म्हणून," ते म्हणाले.

ती शेजारच्या गाडीकडे बघत होती. त्यात एक बाई एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं मान चोळत होती. "या सगळ्या गाड्या कोण चालवतंय, बाबा?"

तपासनीसांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "चार वर्षं झाली गं सुटून," ते म्हणाले. "आता कोण ऐकून घेणार? मी थकलोय."

"मीही थकलेय." सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तरी तिनं गाडी हलवली नाही. "सोमवारची सकाळची घरं मी पुढे ढकलते. आपण कारखान्यात जाऊ."

"जाऊन काय सांगशील?"

"मी काहीच सांगणार नाही," लेक म्हणाली. "मी नुसती शेजारी उभी राहीन. बोलायचं तुम्हालाच."